पाहणे आणि पारखणे

सोलापूरचा इतिहास एखाद्या वास्तूच्या दालनांत क्रमवार मांडून ठेवलेला नाही. तो बहामनी अमदानीतल्या भुईकोट किल्ल्याच्या दुहेरी तटात आहे, बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धरामेश्वरांच्या तळ्यातील मंदिरात आणि दर संक्रांतीस निघणाऱ्या नंदीध्वजांच्या मिरवणुकीत आहे, भोंगे कायमचे मुके झालेल्या कापडगिरण्यांच्या आवारांत आहे, आणि चार हुतात्म्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चौकातही आहे. शहराबाहेर पडावे तर अक्कलकोटच्या राजवाड्यात संस्थानचे शस्त्रागार आहे, दक्षिण सोलापूर तालुक्यात भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग-कुडलची मंदिरे आहेत, आणि उत्तरेस धाराशिव जिल्ह्यात तेरचे शासकीय संग्रहालय आहे. इतक्या विखुरलेल्या सामग्रीचा परस्परसंबंध सामान्य माणसाच्या ध्यानी कसा आणून द्यावा, हा प्रश्न जुना आहे. गेल्या काही वर्षांत त्याला एक नवे उत्तर पुढे येऊ लागले आहे, ते म्हणजे स्पर्शाने चालणारे पडदे, भिंतींवर उमटणारी चलच्चित्रे आणि भ्रमणध्वनीच्या कॅमेऱ्यातून भग्न वास्तू पुन्हा उभी करून दाखवणारी योजना. थोडक्यात, प्रेक्षकाच्या कृतीला प्रतिसाद देणारे डिजिटल तंत्रज्ञान. हे उत्तर कितपत खरे आहे, आणि सोलापुरासारख्या शहराने ते कोणत्या अटींवर स्वीकारावे, ह्याचा थोडा निवांतपणे विचार व्हावयास हवा.

संग्रहालय ह्या संस्थेचे आपल्याकडील रूप मूळचे एकोणिसाव्या शतकातील. मुंबईच्या आज डॉक्टर भाऊ दाजी लाड ह्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संग्रहालयाची इमारत १८७२ साली खुली झाली, आणि तेव्हापासून आपल्या मनात संग्रहालयाचे जे चित्र ठसले ते काचेचे कपाट, त्यामागची वस्तू, तिच्या पायाशी दोन ओळींची चिठ्ठी आणि बाजूला ‘हात लावू नये’ अशी ताकीद, असे आहे. ह्या व्यवस्थेने वस्तूंचे संरक्षण उत्तम केले, ह्यात शंका नाही. परंतु प्रेक्षकाकडून तिने केवळ दर्शनाची अपेक्षा केली. मूर्तीसमोरून जसे रांगेने पुढे सरकावे, तसे लोक तलवारींसमोरून, नाण्यांसमोरून आणि ताम्रपटांसमोरून पुढे सरकत राहिले. ताम्रपटावर काय लिहिले आहे, ते कोणी वाचले, त्या वाचनावर कोणी आक्षेप घेतला काय, हे विचारण्याची सोय त्या रांगेत नव्हती. संवादी तंत्रज्ञानाचे खरे मोल येथे आहे; पाहणाऱ्याला पारखणारा करण्याची शक्यता ते निर्माण करते. ती शक्यता जेथे साधली जात नाही तेथे पडदा कितीही मोठा असला तरी तो करमणुकीचेच साधन ठरतो.

ह्या विचाराची परंपरा संगणकाहून जुनी आहे. ऑस्कर फॉन मिलर ह्यांच्या पुढाकाराने १९०३ मध्ये म्युनिक येथे स्थापन झालेल्या जर्मन संग्रहालयात यंत्रांची बटणे दाबून त्यांचे कार्य पाहण्याची मुभा प्रेक्षकांना मिळाली. ॲम्स्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयाने १९५२ साली रेडिओलहरींवर चालणारा श्राव्य मार्गदर्शक प्रेक्षकांच्या हाती दिला. फ्रँक ओपनहायमर ह्यांनी १९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे सुरू केलेल्या एक्सप्लोरेटोरियममध्ये तर स्वतः प्रयोग करून पाहणे हाच दर्शनाचा प्रकार ठरला. भारतात दिल्लीच्या तीन मूर्ती परिसरातील प्रधानमंत्री संग्रहालय १४ एप्रिल २०२२ रोजी खुले झाले, त्यात ह्या तंत्राचा भरघोस उपयोग आहे. पुण्याजवळ आंबेगाव येथे बाबासाहेब पुरंदरे ह्यांच्या संकल्पनेतून साकारलेल्या ‘शिवसृष्टी’चा पहिला टप्पा १९ फेब्रुवारी २०२३ रोजी लोकांसाठी खुला झाला; तेथेही प्रकाशचित्रांच्या आणि ध्वनीच्या साहाय्याने शिवकाल उभा केला जातो. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ पासून एक फिरते संग्रहालय बसगाडीत बसवून गावोगाव पाठवले. त्यात मुलांना टॅब्लेटवर माहिती चाळता येते आणि प्रतिकृती हाताळताही येतात.

तंत्राचा उलगडा फारसा अवघड नाही. स्पर्शपडद्याच्या काचेखाली विद्युत्वाहक द्रव्याचा अतिशय पातळ, पारदर्शक थर असतो. बोट टेकताच तेथील विद्युत्क्षेत्रात बदल होतो, आणि तो बदल नेमका कोणत्या बिंदूवर झाला हे यंत्र क्षणार्धात ताडते. भ्रमणध्वनीतून जुनी वास्तू दाखवणाऱ्या योजनेत कॅमेरा समोरच्या भिंतीवरील ठरावीक खुणा ओळखतो आणि संगणकात तयार ठेवलेले चित्र त्याच कोनातून तिच्यावर बसवतो. वस्तूची त्रिमिती प्रतिमा घेण्याची एक पद्धत तर केवळ छायाचित्रांवर चालते. वस्तूभोवती फिरत, एकमेकांत काही भाग मिसळेल अशा बेताने शेकडो छायाचित्रे घ्यावयाची. संगणक त्यांतील समान बिंदू शोधून प्रत्येक छायाचित्र कोठून घेतले होते हे गणिताने ठरवतो, आणि त्या बिंदूंच्या जाळ्यातून वस्तूचा संपूर्ण आकार सिद्ध करतो.

हे तंत्र सोलापूर जिल्ह्यात सर्वांत आधी कोठे योजावे, असे कोणी विचारले तर कुडलचे नाव घ्यावे लागेल. तेथील संगमेश्वर मंदिराच्या तुळईवर शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा शिलालेख आहे. सोलापूरचे शिलालेख-अभ्यासक आनंद कुंभार ह्यांनी तो अभ्यासकांच्या दृष्टीस आणला, आणि कालोल्लेख असलेल्या आद्य मराठी लेखांत आज त्याची गणना होते. त्यातील मराठी ओळीचा आशय असा लावला जातो की, जो हे वाचील तो विजयी होईल. हजार वर्षांपूर्वी कोणा अज्ञात पाथरवटाने पुढच्या काळातील वाचकाला दिलेले हे आवाहन आहे. पण त्या तुळईखाली उभा राहणारा आजचा भाविक मान वर करतो, काही ओरखडे पाहतो आणि गाभाऱ्याकडे वळतो. अशा झिजलेल्या अक्षरांसाठी २००१ च्या सुमारास अमेरिकेतील ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीच्या प्रयोगशाळेत एक युक्ती सिद्ध झाली. कॅमेरा एका जागी स्थिर ठेवून दिवा मात्र निरनिराळ्या कोनांतून धरायचा आणि प्रत्येक वेळी एक छायाचित्र घ्यायचे. मग पडद्यावर बोट फिरवले की प्रकाशाची दिशा फिरते, आणि दुपारच्या सपाट उजेडात न दिसणाऱ्या रेषा तिरप्या छायेत उठून येतात. संग्रहालयातील शाळकरी मुलाने असा प्रकाश स्वतः फिरवून एकेक अक्षर ओळखावे, मग विद्वानांचे वाचन पडद्यावर आणून आपल्या वाचनाशी ताडून पाहावे, ह्याहून चांगला इतिहासाचा पाठ कोणता? शेजारच्या हरिहरेश्वर मंदिराच्या परिसरात मातीखालून उजेडात आलेले बहुमुखी शिवलिंग आहे. त्यावर ३५९ मुखे असल्याचे सांगतात. एका जागी उभे राहून ती सर्व पाहणे अशक्य आहे. त्रिमिती प्रतिमेत मात्र ते लिंग हवे तसे फिरवता येईल, एकेका मुखापाशी थांबता येईल, आणि ज्याला त्या संख्येविषयी शंका असेल त्याला ती मुखे मोजूनही पाहता येतील.

तेरची गोष्ट निराळी, पण तितकीच बोलकी. ग्रीक दर्यावर्दी ज्या तगर नगराचा उल्लेख करतात ते हेच, असे अभ्यासक मानतात. तेथील रामलिंगप्पा लामतुरे ह्यांनी आयुष्यभर जमवलेल्या वस्तूंतून उभ्या राहिलेल्या संग्रहालयात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती आहे. तिच्याशी विलक्षण साम्य असलेली दुसरी हस्तिदंती मूर्ती १९३८ मध्ये इटलीतील पाँपेई येथे सापडली. ती आता नेपल्सच्या संग्रहालयात आहे. पाँपेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले, तेव्हा ती मूर्ती त्यापूर्वीच भारतातून समुद्रमार्गे रोमन मुलखात पोहोचली होती, हे उघड आहे. ह्या दोन मूर्ती प्रत्यक्षात शेजारी ठेवण्याचा योग कधी येईल, सांगता येत नाही. परंतु दोहोंच्या त्रिमिती प्रतिमा एकाच पडद्यावर आणून केशरचना, अलंकार आणि उभे राहण्याची ढब ताडून पाहणे आज शक्य आहे, आणि ते पाहणाऱ्याला दक्षिणेच्या पठाराचा प्राचीन व्यापार पाठ्यपुस्तकातील परिच्छेदापेक्षा अधिक लवकर उमगेल.

हेच डॉक्टर कोटणीसांच्या बाबतीतही म्हणता येईल. १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात जन्मलेले द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, युद्धभूमीवर जखमींची शुश्रूषा करीत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच निवर्तले. सोलापुरात भय्या चौकातील त्यांच्या घराचे २०१२ मध्ये स्मारक झाले. पण त्यांचे कर्तृत्व घडले ते हजारो मैल दूर, आणि चीनमधील त्यांचे मोठे स्मारक शिच्याच्वांग शहरात आहे. एका जीवनाची दोन अर्धुके अशी दोन देशांत वाटली गेली आहेत. जन्मघरात उभ्या असलेल्या माणसासमोर दुसरे अर्धुक आणून ठेवणे, हे काम पडदा अगदी अल्प खर्चात करू शकतो.

सोलापुरास ह्या तंत्राची विशेष गरज का, ह्याचे आणखी एक कारण येथील भाषांत आहे. सिद्धरामेश्वरांची वचने कन्नडात आहेत, विणकरीच्या धंद्यासाठी तेलंगणातून आलेल्या पद्मशाली समाजाच्या घरांत तेलुगू चालते, दखनी उर्दूचा वावर पेठापेठांत आहे, आणि ह्या सर्वांना व्यवहारात जोडणारी मराठी आहे. कपाटाखालच्या चिठ्ठीत चार भाषा बसत नाहीत. बसवल्या तर अक्षर इतके बारीक होते की वृद्धांनी ते वाचूच नये. पडद्याला अशी अडचण नाही. प्रेक्षकाने आपली भाषा निवडावी, अक्षर हवे तेवढे मोठे करावे, वाचता येत नसेल तर मजकूर ऐकावा. चार भाषांच्या शहरात इतिहास एकाच भाषेत लिहिला तर तो इतरांना परका वाटतो; ज्या आजीने जन्मभर मागावर हात चालवला, तिला स्वतःच्या धंद्याचा इतिहास नातवाकडून भाषांतरून ऐकावा लागू नये, एवढी तरी काळजी संग्रहालयाने घ्यावी.

आणि त्या धंद्याचा विचार करताना एक नवल ध्यानी येते. डिजिटल यंत्र सोलापुराला परके आहे, असे म्हणण्याची सोय नाही. सोलापुरी चादरीवरची नक्षी ज्या जॅकार्ड यंत्रणेने उठते, ती जोसेफ मारी जॅकार्ड ह्याने १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये सिद्ध केली. तिचे तत्त्व असे की, नक्षीच्या प्रत्येक आडव्या ओळीसाठी छिद्रे पाडलेले एक कार्ड असते. जेथे छिद्र असेल तेथे ताण्याचा धागा उचलला जातो, जेथे नसेल तेथे तो खालीच राहतो, आणि मधून धोटा बाणा घेऊन जातो. ‘आहे’ किंवा ‘नाही’ ह्या दोनच उत्तरांतून मोर, कमळ आणि वेलबुट्टी उभी राहते. हीच छिद्रांची कार्डे चार्ल्स बॅबेज ह्याने आपल्या संकल्पित गणनयंत्रासाठी उचलली, आणि १८९० च्या अमेरिकन जनगणनेत हर्मन हॉलरिथ ह्याच्या यंत्रांनी अशाच छिद्रयुक्त कार्डांवर माणसे मोजली. सोलापुरात वस्त्रोद्योगाचे संग्रहालय जेव्हा केव्हा उभे राहील, तेव्हा त्यात एक चालता माग असावा, आणि त्याशेजारी पडदा असावा. प्रेक्षकाने पडद्यावरच्या चौकटींत छिद्रे पाडावी, त्यांतून कोणती नक्षी विणली जाईल हे तत्काळ पाहावे, आणि मग मागापाशी जाऊन तीच क्रिया लाकूड, लोखंड आणि सुताच्या साहाय्याने कशी घडते हे निरखावे. पडद्याने मागाकडे पाठवले पाहिजे. मागाची जागा त्याने घेतली तर तो प्रयोग फसला म्हणावे.

आतापर्यंत गुणांचा विचार झाला, आता धोक्याचा. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ मध्ये मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हापासून महाराष्ट्रात अस्सल कागद आणि त्याची नक्कल ह्यांतील भेद जाणणारी एक शिस्त निर्माण झाली. संगणकाची चित्रे ह्या शिस्तीवर फार मोठा ताण आणतात. भुईकोट किल्ल्यातील पडझड झालेल्या इमारती संगणकात पुन्हा उभ्या करताना जोते आणि खांबांचे अवशेष हा पुरावा असतो. पण छत, रंग, पडदे, पहारेकऱ्यांचे पोशाख हे बहुतांशी चित्रकाराचे अनुमान असते. पडद्यावर मात्र दोन्ही सारख्याच झळाळीने दिसतात, आणि मुलाच्या मनात अनुमानही पुराव्याच्या योग्यतेचे होऊन बसते. ह्याच चिंतेतून २००६ मध्ये ‘लंडन चार्टर’ ह्या नावाची संहिता तयार झाली; संगणकीय पुनर्रचनेत काय सिद्ध आहे आणि काय कल्पित आहे हे पाहणाऱ्याला कळले पाहिजे, आणि प्रत्येक निर्णयामागचे कारण नोंदलेले असले पाहिजे, असा तिचा आग्रह आहे. व्यवहारात हे सोपे आहे. सिद्ध भाग पूर्ण रंगात, अनुमान केवळ रेषांत, आणि रेषेवर बोट ठेवताच त्या अनुमानाचा आधार.

जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे साताऱ्यास आली, तेव्हा लोकांची भावना उचंबळून आली, हे स्वाभाविकच होते. परंतु अफजलखानाच्या प्रसंगी वापरलेली वाघनखे हीच काय, ह्याची खात्री देता येत नसल्याचे त्या संग्रहालयाने स्वतःच म्हटले आहे. ती साताऱ्याचा रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ ह्याला मिळाल्याची नोंद त्यांच्या पेटीवर आहे. म्हणजे लेखी दाखला १६५९ च्या घटनेनंतर दीडशे वर्षांहून अधिक काळाने सुरू होतो. अशा वस्तूशेजारी उत्तम पडदा कोणता? ज्यावर तिचा एका हातातून दुसऱ्या हातात झालेला प्रवास टप्प्याटप्प्याने दाखवला आहे, आणि मधला रिकामा काळ रिकामाच ठेवला आहे, तो. भक्तीला त्याने बाध येत नाही, आणि विवेकही राखला जातो.

१९३० च्या सोलापूरच्या इतिहासाला हीच कसोटी लावावी. मे महिन्याच्या आरंभी गांधीजींच्या अटकेची वार्ता आली, शहर उसळले, गोळीबार झाला, पोलिसांचा अंमल काही दिवस उठला, आणि १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारला गेला. पुढे १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे ह्यांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. ह्या दिवसांविषयी सरकारी अहवाल एक सांगतात, राष्ट्रीय वृत्तपत्रे दुसरे सांगतात, आणि घराघरांतल्या आठवणी तिसरे. शहराचा नकाशा मेजाएवढ्या पडद्यावर मांडून प्रत्येक पेठेत, प्रत्येक दिवशी काय घडले ह्याविषयीचे हे तिन्ही दाखले समोरासमोर ठेवता येतील, आणि न्यायनिवाड्याचे काम प्रेक्षकावर सोपवता येईल. अमेरिकेतील शोआ फाउंडेशनने नाझी छळातून वाचलेल्या वृद्धांच्या शेकडो प्रश्नोत्तरांचे असे चित्रण करून ठेवले आहे की, प्रेक्षकाने प्रश्न विचारावा आणि यंत्राने त्या माणसाचेच प्रत्यक्ष दिलेले उत्तर शोधून पुढे करावे. येथे यंत्र केवळ शोधण्याचे काम करते. शब्द त्या साक्षीदाराचेच असतात. आज मृतांच्या तोंडी नवे शब्द घालणारी यंत्रेही उपलब्ध झाली आहेत. हुतात्म्यांच्या बाबतीत तो मोह कटाक्षाने टाळला पाहिजे, कारण जे ते बोललेच नाहीत ते त्यांच्या मुखातून ऐकवणे म्हणजे बनावट दस्तऐवज तयार करणे होय.

शेवटी दप्तरी बाजू. यंत्रखरेदीला मंजुरी मिळते, निविदा निघते, उद्घाटन होते. दुरुस्तीची तरतूद मात्र पुढील अंदाजपत्रकात शोधावी लागते. सोलापूरचा उन्हाळा, धूळ आणि विजेचा चढउतार ह्यांना ही नाजूक यंत्रे लवकर बळी पडतात. आणि यंत्र धडधाकट राहिले तरी प्रणाली कालबाह्य होतेच. २०२० च्या अखेरीस फ्लॅश ही प्रणाली बंद झाली, आणि तिच्यावर विसंबलेली असंख्य संवादी प्रदर्शने निरुपयोगी ठरली. ह्याहून मार्मिक दाखला इंग्लंडचा आहे. १०८६ सालच्या ‘डूम्सडे बुक’ ह्या महसुली पाहणीच्या नऊशेव्या वर्षानिमित्त बीबीसीने १९८६ मध्ये देशाची नवी नोंद लेझर तबकड्यांवर केली. पुरती वीस वर्षे होण्याआधीच त्या वाचणारी यंत्रे दुर्मिळ झाली आणि तबकड्यांतील माहिती वाचवण्यासाठी संशोधकांना खटाटोप करावा लागला. मूळ चर्मपत्रे आजही वाचता येतात, जशी कुडलची तुळई येते.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी प्रत्येक वस्तूची नीट नोंद, मग तिचे छायाचित्रण आणि वाचन, आणि त्यानंतर पडदा. नोंदीसाठी साधने महाराष्ट्रातच सिद्ध आहेत. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने तयार केलेल्या ‘जतन’ ह्या प्रणालीवर देशातील अनेक राष्ट्रीय संग्रहालयांच्या वस्तूंची नोंद झाली असून ती जनतेला संगणकावर चाळता येते. सोलापूर जिल्ह्यातील शिलालेख, शस्त्रे, गिरण्यांचे कागद आणि चादरींचे जुने नमुने ह्यांची तशी एकत्र नोंद झाली, तर पुढे कोणतेही यंत्र आले तरी त्याला पुरवायला सामग्री तयार असेल. दगड आणि तांबे ह्या कामासाठी आणखी काही वर्षे थांबू शकतील. गिरणीत साच्यांवर उभे राहिलेले कामगार आणि हातमागावर आयुष्य घालवलेल्या विणकर स्त्रिया मात्र आता वृद्ध झाल्या आहेत. त्यांच्या भाषेत, त्यांच्या तोंडून, त्यांच्या धंद्याची हकीकत ध्वनिमुद्रित करून घेण्यास एक साधा भ्रमणध्वनी आणि ऐकणारा माणूस पुरेसा आहे. मोठा पडदा कोणत्याही सालच्या अंदाजपत्रकातून विकत घेता येईल; ह्या साक्षी मात्र ह्याच काही वर्षांत नोंदवून घ्याव्या लागतील, आणि त्यासाठी कोणत्याही निविदेची वाट पाहण्याचे कारण नाही.